आठ महिने मॅकवरून गेमबॉय ॲडव्हान्ससाठी कोड लिहिला, त्याचा हिशोब

टूलचेन, म्हणजे कोड यंत्राला कळेल अशा रूपात बदलणारा कंपायलर आणि त्याची सोबतची साधनं, बसवायला मला एक संध्याकाळ लागली. त्याआधीचे तीन शनिवार वाया गेले ते निव्वळ माझ्या हट्टापायी. घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा: डेव्हकिटप्रो या फुकट टूलचेनचं तयार पॅकेज घ्या, प्रोजेक्ट साध्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पहिल्याच आठवड्यात खऱ्या यंत्रावर चालवून बघा. निवांत असाल तर पुढे वाचा.

झालं असं, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मी सेकंडहँड गेमबॉय ॲडव्हान्स एसपी (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं जुनं यंत्र) उचलला. बिजागर थोडं सैल, बाकी ठणठणीत. भाची सात वर्षांची, शाळा इंग्रजी, आणि बाराखडी म्हणताना 'कं कः' येईपर्यंत तिचं लक्ष खिडकीबाहेर. म्हटलं, बाराखडीचाच खेळ लिहू. वरून अक्षरं पडतील, तिने बरोबर ते झेलायचं. दिवसा मी जावा लिहितो. सी कॉलेजनंतर हातात धरलं नव्हतं. लॅपटॉप एम१ चिपचा मॅकबुक एअर, ८ जीबीचा.

गेमबॉय ॲडव्हान्स २००१ चा, त्याचा मिटणारा भाऊ एसपी २००३ चा. आतली यंत्रणा तीच. प्रोसेसर एआरएम७टीडीएमआय, १६.७८ मेगाहर्ट्झ. चिपच्या आतली वेगवान मेमरी ३२ केबी, बाहेरची २५६ केबी, चित्रांसाठी ९६ केबी. पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा. ऑफिसात आमच्या एका एररचा लॉगसुद्धा याहून मोठा निघतो.

पहिला प्रश्न मलाही पडला होता: मॅकची चिप एआरएम घराण्यातली, गेमबॉयची पण एआरएम, मग क्रॉस-कंपायलर (एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्रासाठी कोड बनवणारा) कशाला? तर ही भावकी फक्त आडनावापुरती. एम१ ला ६४-बिट एआरएमच कळतं, जुन्या ३२-बिट एआरएमची एकही सूचना ती चालवत नाही. गेमबॉयला नेमकं तेच जुनं एआरएम हवं, आणि त्याचं १६-बिटांचं आखूड रूप, थंब. शिवाय मॅकचा कंपायलर जी फाइल बनवतो ती मॅकच्या साच्यातली, आणि कोड मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणार असं धरून चालतो. गेमबॉयवर ऑपरेटिंग सिस्टीमच नाही. म्हणून तर कंपायलरच्या लांबलचक नावात मधोमध 'नन' (none, काहीच नाही) आहे: आर्म-नन-ईएबीआय-जीसीसी. आणखी एक गंमत: मॅकवर टर्मिनलमध्ये नुसतं जीसीसी लिहिलं तर धावतो क्लँग, म्हणजे दुसराच कंपायलर. नावावर जाऊ नका.

आता ते तीन शनिवार. पहिल्या दिवशी होमब्रूमधून (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) याच नावाचं पॅकेज घेतलं. बसलं सुरळीत, आवृत्ती विचारली तर उत्तरही दिलं, मी खूश. पहिलाच नमुना कंपाइल करायला घेतला तर म्हणे स्ट्रिंगची हेडर फाइल सापडत नाही. दोष पॅकेजचा नव्हे, वाचलं नाही मी. त्यात नुसता कंपायलर असतो, सोबत सी लायब्ररी नसते. ती म्हणजे न्यूलिब, वेगळी लागते. मग अंगात आलं: सगळं स्वतःच सोर्सपासून बांधायचं! आधी बिनयुटिल्स (असेंबलर, लिंकर वगैरे), मग अर्धा जीसीसी, त्याच्यावर न्यूलिब, मग उरलेला जीसीसी. दोन शनिवार लॅपटॉप तव्यासारखा तापला (एअरला पंखा नाही). शेवटी कंपायलर झाला, पण लिंकर स्क्रिप्ट (कोडचा कोणता भाग कुठल्या मेमरीत ते सांगणारी फाइल) आणि यंत्र सुरू होताच चालणारा तो छोटा असेंब्लीचा तुकडा लिहायचा बाकीच. आई म्हणाली, "अरे, विकत मिळत नाही का ते?" विकत कशाला, फुकट मिळत होतं.

डेव्हकिटप्रोची रीत अशी. आधी ॲपलची कमांड लाइन टूल्स घ्यायची, कारण मेक (फाइली क्रमाने कंपाइल करवून घेणारं साधन) त्यातच येतं. मग त्यांचं पॅकमन, म्हणजे पॅकेजं आणून बसवणारं साधन, बसवायचं. मूळचं ते आर्च लिनक्सचं. मॅकवर त्याच्या नावाला डीकेपी हे उपपद लागतं. मी पॅकेजवर डबल-क्लिक करण्याऐवजी टर्मिनलमधून इन्स्टॉलर चालवला आणि जीबीए-डेव्ह (जीबीए म्हणजे गेमबॉय ॲडव्हान्स) हा गट मागवला. एका आज्ञेत कंपायलर, न्यूलिब, लिबजीबीए आणि लिबटाँक या गेमबॉयच्या लायब्रऱ्या, चित्रं गेमबॉयच्या रूपात बदलणारं ग्रिट, आवाजासाठी मॅक्समॉड, हेडर दुरुस्त करणारं जीबीएफिक्स, सगळी वरात ऑप्टमधल्या डेव्हकिटप्रो फोल्डरमध्ये येऊन बसली. मला गरज होती ती जीबीए स्पेक्स फाइलची. लिंकर स्क्रिप्ट नि सुरुवातीचा तुकडा तीच ओढून आणते. दोन शनिवारांचं काम मेकफाइलच्या (मेकला द्यायच्या सूचनांची फाइल) एका ओळीत.

त्यानंतर मेक म्हटलं तर उत्तर आलं की डेव्हकिटआर्मचा (डेव्हकिटप्रोमधला एआरएमचा कंपायलर-संच) पत्ता एनव्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंगमध्ये, ठेवा. पत्ता मी ठेवला होता, पण बॅश या शेलच्या (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम) फाइलमध्ये, जुन्या सवयीने. कॅटालिनापासून, म्हणजे २०१९ पासून, मॅकचं डीफॉल्ट शेल झेडशेल आहे. दोन ओळी तिकडे हलवल्या, नवी विंडो उघडली, आणि चार सेकंदांत पहिली गेमबॉयची फाइल. एमजीबीए या इम्युलेटरवर (मॅकवर गेमबॉयची नक्कल करणारा प्रोग्राम) लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके उमटले. रात्री पावणेबारा. घरात कोणाला दाखवणार?

या आठ महिन्यांत कंपायलरने मला एकदाही फसवलं नाही. अडलो ते माझ्या चुकांमुळे आणि मॅकच्या सवयी माहीत नसल्यामुळे. उदाहरणार्थ, बॅकअप आपोआप व्हावा म्हणून मी प्रोजेक्ट आयक्लाउड ड्राइव्हमध्ये ठेवला. त्या फोल्डरच्या खऱ्या पत्त्यात 'मोबाइल' आणि 'डॉक्युमेंट्स' या दोन शब्दांमध्ये एक मोकळी जागा आहे, आणि मेकला पत्त्यातली मोकळी जागा म्हणजे दोन वेगळ्या फाइली वाटतात. काल चालणारा कोड आज म्हणतो, टार्गेट बनवायचा नियमच नाही. तासभर मेकफाइल खाजवत बसलो. घरच्या फोल्डरमध्ये 'गेमबॉय' नावाने हलवलं, मिटलं. बॅकअपला आता गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) आहे. मॅकसोबत येणारं मेकही ३.८१ म्हणजे २००६ चं आहे. डेव्हकिटच्या नमुन्यांना ते पुरतं, इंटरनेटवरून उचललेल्या प्रत्येक मेकफाइलला पुरेल असं नाही. फाइलनावातलं लहान-मोठं अक्षरही मॅक सहसा एकच मानतो, त्यामुळे माझा कोड मित्राच्या लिनक्सवर पहिल्याच हेडरला अडखळला.

आणि ती डॉट-अंडरस्कोरची पिलावळ! फ्लॅशकार्टचं, म्हणजे एसडी कार्डवरचे खेळ चालवणाऱ्या कार्ट्रिजचं, एसडी कार्ड फॅट३२ फॉर्मॅटचं असतं. फाइंडरमधून गेमची फाइल ओढून टाकली की बरेचदा तिच्याशेजारी त्याच नावाची, पण पुढे टिंब आणि अंडरस्कोर लावलेली चिमुकली फाइल पडते. मॅक तिच्यात स्वतःची टिपणं ठेवतो, त्या फॉर्मॅटवर ती दुसरीकडे ठेवता येत नाहीत म्हणून. मॅकवर ती दिसत नाही, गेमबॉयच्या यादीत मात्र दिसते. भाचीने नेमकी तीच निवडली. पडदा पांढराफटक. "मामा, तुझा गेम बिघडलाय." आता मी कॉपी टर्मिनलमधून करतो, जादा माहिती वगळायचा पर्याय लावून. तेही मेकफाइलमध्येच घालून टाकलंय.

आता बाराखडीकडे येतो, खरी मजा तिथे आहे. गेमबॉयचं पार्श्वभूमीचं चित्र सहसा ८ बाय ८ ठिपक्यांच्या टाइलांनी बनतं. ८ ठिपक्यांत रोमन अक्षर आरामात मावतं; देवनागरीला शिरोरेषा, वर वेलांटी, खाली उकार. 'क्ष' तर तेवढ्यात निव्वळ डाग दिसतो. म्हणून १६ बाय १६ चा चौकोन घेतला, म्हणजे एका अक्षराला चार टाइली. अक्षरं जुळवणारं इंजिन इथे नाही, 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची हे यंत्राला कोण सांगणार? तेव्हा प्रत्येक अक्षर मात्रेसकट आधीच काढून ठेवायचं. चौतीस व्यंजनं धरली, प्रत्येकाची बारा रूपं: ४०८. गुणिले चार, १,६३२ टाइली. आणि कुठे कोणती टाइल ते सांगणाऱ्या नकाशात टाइलीचा क्रमांक १० बिटांचा, म्हणजे फार तर १,०२४. बाराखडी मावत नाही! कागदावर हा गुणाकार केला तेव्हा मला हसूच आलं.

उपाय सरळ होता. सगळी अक्षरं कार्ट्रिजमध्ये ठेवायची, त्या फेरीला लागतील तेवढीच व्हिडिओ मेमरीत आणायची. एक टाइल ३२ बाइटची, एक अक्षर १२८. मी साधा लूप लिहिला, एकेक बाइट उचलून ठेवणारा. पडद्यावर 'प' चा काना दोनदा, 'श' ओळखू येईना, सगळं दारू प्यायल्यासारखं. ग्रिटवर संशय घेतला, पीएनजी तीनदा नव्याने काढली. कारण निघालं हार्डवेअरमध्ये: पार्श्वभूमीच्या व्हिडिओ मेमरीत एक बाइट लिहिला की तोच बाइट शेजारच्या घरातही जातो. तिथे निदान १६ बिट एकदम लिहावे लागतात. एका बाइटमध्ये दोन ठिपके, म्हणून दर चार ठिपक्यांतले पहिले दोन पुढच्या दोघांची नक्कल करत होते. लूपमधला प्रकार 'कॅर'चा 'शॉर्ट' केला आणि 'प' शुद्धीवर आला. एमजीबीएने ही खोड इमानदारीने दाखवली म्हणून लवकर सापडली.

एक गोष्ट मात्र इम्युलेटरने झाकली. गुण जतन करायचा भाग एमजीबीएवर उत्तम चालत होता. खऱ्या यंत्रावर बंद करून चालू केलं की शून्य. एमजीबीए गेमच्या वागण्यावरून ओळखतो की इथे सेव्ह मेमरी हवी. माझं फ्लॅशकार्ट त्यासाठी गेमच्या फाइलमध्ये 'एसरॅम' ने सुरू होणारी ओळखीची खूण शोधतं. ती खूण मी कोडमध्ये लिहिली होती! पण तिला कोणी हात लावत नाही हे बघून कंपायलरने ती केराच्या टोपलीत टाकली. चूक त्याची नाही, निरुपयोगी वस्तू काढणं हे त्याचं कामच. 'वापरलेली समज' असा शेरा त्या ओळीला दिल्यावर गुण टिकू लागले. त्या मेमरीशी मात्र उलट एकेका बाइटनेच बोलावं लागतं. व्हिडिओ मेमरीत नेमकं जे चालत नाही ते.

वेगाबद्दल थोडंसं. पडणाऱ्या अक्षरांचा वेग मी सवयीने डबलमध्ये (दशांश संख्यांचा प्रकार) ठेवला होता. या प्रोसेसरला दशांशाचं गणित हार्डवेअरमध्ये नाही, भागाकाराची सूचनासुद्धा नाही. दोन्ही सॉफ्टवेअरने होतात. एका फ्रेमला (पडद्यावरच्या एका चित्राला) प्रोसेसरचे २,८०,८९६ सायकल, म्हणजे ठोके, मिळतात, सेकंदाला सुमारे ५९.७३ फ्रेमा. बारा अक्षरं पडायला लागली की खेळ अडखळायचा. पूर्णांकात खालचे ८ बिट अपूर्णांकासाठी राखले आणि लोण्यासारखं चालू लागलं. कार्ट्रिजची वाट १६ बिटांची, तेव्हा तिथला कोड थंबमध्ये ठेवायचा. जे फार वेळा चालतं ते आतल्या ३२ केबीत, पूर्ण एआरएममध्ये. आतल्या मेमरीत ठेवायला लिबजीबीएमधला एक शब्द लिहिला की झालं, एआरएमसाठी मात्र कंपायलरला वेगळं सांगावं लागतं.

डीबगरचं (चुका शोधायला कोड थांबवत थांबवत चालवणारं साधन; इथलं जीडीबी) मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. एमजीबीएमध्ये जीडीबी सर्व्हर सुरू करायचा, पोर्ट २३४५, आणि डेव्हकिटआर्ममधला जीडीबी त्याला जोडायचा. मग मॅकच्या टर्मिनलमध्ये बसून गेमबॉयचा प्रोसेसर ओळीओळीने चालवता येतो. ऑफिसात सर्व्हरवरचा जावा डीबग करताना मला एवढं सुख कधी लाभलं नाही.

तक्रारी? नमुने भरपूर आहेत, पण समजावून सांगणारा मजकूर त्रोटक; सी येत नसेल तर इथून सुरुवात करू नका. खेळ अर्धवट असताना पॅकमनने सगळं अद्ययावत करण्याचा मोह मी टाळतो, दोन कामांच्या मध्येच करतो. रंग मॅकवर बघून ठरवू नका, माझा सुंदर गडद निळा एसपीवर काळाच दिसला. बाकी, ज्याच्यासाठी एक पैसा मोजला नाही त्याच्याबद्दल किती कुरकुरायचं.

भाची सध्या 'ढ' पर्यंत पोचली आहे. तिचं म्हणणं, 'घ' आणि 'ध' पडताना सारखेच दिसतात. १६ ठिपक्यांत 'ध' ची ती गाठ कशी बसवायची, यावर कालपासून चौकड्यांच्या वहीत पेन्सिलीने घोटतोय. पाचवा प्रयत्न चालू आहे.