20 मे की 31 मे? शार्लटमधील एका पायी सहलीविषयी

नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या झेंड्यावर दोन तारखा आहेत: 20 मे 1775 आणि 12 एप्रिल 1776. दुसरीला कागदाचा भक्कम आधार आहे, कारण त्या दिवशी हॅलिफॅक्स येथे भरलेल्या प्रांतिक सभेने फिलाडेल्फियात भरलेल्या वसाहतींच्या काँग्रेसमधील आपल्या प्रतिनिधींना ब्रिटनपासून स्वातंत्र्याच्या बाजूने मत देण्याची मुभा दिली. पहिल्या तारखेला शार्लट ज्यात आहे त्या मेक्लेनबर्ग परगण्याने ब्रिटनपासून स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला असे म्हणतात, पण ती तारीख दोनशे वर्षांपासून वादात आहे, आणि शार्लट शहरातील जी दोन तासांची मार्गदर्शित सहल मी गेल्या महिन्यात केली, तिचा सारा विषय हा वादच आहे. माणशी 25 डॉलर देऊन बारा जणांच्या गटात केलेल्या या सहलीबद्दल माझे मत एकूण चांगले आहे, तरी जाहिरातीबद्दल तक्रार आहे आणि ती आधी नोंदवतो.

सहल चालवणाऱ्या संस्थेच्या पानावर ‘मूळ जाहीरनाम्याचे दर्शन’ असे शब्द होते. मूळ जाहीरनामा अस्तित्वातच नाही. मेक्लेनबर्ग परगण्याच्या समितीचे म्हणून सांगितले जाणारे कागद तिचे चिटणीस मानले जाणारे जॉन मॅक्निट अलेक्झांडर यांच्या घरी होते आणि 1800 साली त्या घराला लागलेल्या आगीत ते जळाले. पुढे 30 एप्रिल 1819 रोजी राज्याची राजधानी रॅली येथील एका वृत्तपत्रात जो मजकूर छापून आला, तो या मूळ कागदांवरून नव्हे, तर नंतरच्या टिपणांवरून आणि आठवणींवरून उभा केलेला होता. त्यामुळे सहलीत आपल्या हाती येते ते प्लास्टिकच्या आवरणातले एक छापील पान, आणि ज्याने ‘दर्शन’ या शब्दावर विश्वास ठेवून पैसे भरले असतील, त्याची फसगत झाली असेच म्हणावे लागेल. मार्गदर्शक बाईंनी पहिल्या दहा मिनिटांतच हे सारे स्वतःहून सांगून टाकले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. जाहिरात लिहिणाऱ्यांकडे तो असता तर बरे झाले असते.

सुरुवात ट्रेड आणि ट्रायन या रस्त्यांच्या चौकात होते. आज चारही बाजूंनी बँकांच्या उंच इमारती असलेल्या या चौकाच्या मधोमध, विटांच्या खांबांवर उभे केलेले ओंडक्यांचे न्यायालय होते, आणि त्याच्या पायऱ्यांवरून कर्नल थॉमस पोक यांनी जमलेल्या लोकांना जाहीरनामा वाचून दाखवला, अशी परंपरा आहे. बाईंनी येथे एक मजेची गोष्ट लक्षात आणून दिली. ज्या गावाने राजाविरुद्ध उठाव केला, त्या गावाचे नाव तिसऱ्या जॉर्जच्या राणीचे, परगण्याचे नाव तिच्या माहेरच्या संस्थानाचे आणि मुख्य रस्त्याचे नाव राजाच्या एका गव्हर्नराचे, आणि यांतले एकही नाव आजतागायत बदललेले नाही. नामांतराच्या आंदोलनांवर वाढलेल्या आपल्या मंडळींना हे पचायला थोडे जडच जाईल.

सहलीचा कस लागतो तो 31 मेच्या ठरावांपाशी. 20 मेचा जाहीरनामा खरा की खोटा हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्याच समितीने अकरा दिवसांनी केलेले वीस ठराव 13 जून 1775 रोजी दक्षिण कॅरोलायनातील एका वृत्तपत्रात छापले गेले होते. पुढे ते विस्मृतीत गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पुन्हा हाती आले. यांतील भाषा पाहिली की 1819 चा मजकूर डळमळीत का वाटतो ते कळते. राजाने दिलेले सर्व मुलकी व लष्करी अधिकार रद्द समजावेत, असे ठराव सांगतात. पण ब्रिटिश संसदेने अमेरिकेवरील आपला अन्याय्य हक्क सोडला, किंवा प्रांतिक सभेने दुसरी व्यवस्था लावून दिली, तर हे ठराव मागे पडतील, अशी अटही ते घालतात. ज्यांनी 20 तारखेला बिनशर्त स्वातंत्र्य जाहीर केले, ते 31 तारखेला अटी कशाला घालतील? बाईंनी हा प्रश्न गटाला विचारला आणि उत्तर न देता पुढे चालू लागल्या. मला ही पद्धत आवडली.

मला स्वतःला त्या वीस ठरावांतला कारभार सर्वांत वाचनीय वाटला. परगण्याने नऊ तुकड्या कराव्यात, आठ खेड्यांच्या आणि एक शार्लट गावाची. प्रत्येक तुकडीने दोन समंजस जमीनमालक निवडावेत. त्यांपैकी एकट्याने वीस शिलिंगांपर्यंतचा तंटा सोडवावा आणि दोघांनी मिळून चाळीस शिलिंगांपर्यंतचा. शेवटच्या ठरावात 300 पौंड बंदुकीची दारू, 600 पौंड शिसे आणि 1000 चकमकीचे दगड विकत घ्यायला सांगितले आहे. राजाचा अंमल उठला म्हणजे शेजाऱ्याची उधारी बुडाली असे नव्हे, याची या लोकांना पुरती जाणीव होती. साताऱ्याच्या प्रतिसरकारने 1943 नंतर गावोगाव जी न्यायदान मंडळे चालवली, त्यांची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही. मात्र मेक्लेनबर्गच्या या जमीनमालकांपैकी अनेकांकडे गुलाम होते, हे बाईंनी एका वाक्यात उरकले. त्याला किमान पाच मिनिटे द्यायला हवी होती.

वादाचा इतिहास त्यांनी सुरेख सांगितला. जॉन अ‍ॅडम्स या माजी अध्यक्षांनी 1819 मधील मजकूर वाचून 1776 च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक जेफरसन यांना लिहिले, आणि जेफरसन यांनी 9 जुलैच्या उत्तरात तो बनावट असल्याचे मत दिले. मेक्लेनबर्गच्या आणि 1776 च्या अशा दोन्ही जाहीरनाम्यांत ‘आपले प्राण, आपली संपत्ती आणि आपली पवित्र प्रतिष्ठा’ अशा अर्थाचे शब्द सारखेच असल्याने कोणी कोणाची नक्कल केली हा प्रश्न उपस्थित होणारच होता. मग म्हाताऱ्या साक्षीदारांच्या जबान्या गोळा झाल्या. त्यांतली घोडेस्वार जेम्स जॅक यांची जबानी मोलाची आहे: ठराव फिलाडेल्फियाला पोचवण्यासाठी आपण जूनमध्ये निघालो आणि वाटेत सॉल्सबरीच्या न्यायालयात ते मोठ्याने वाचले गेले, असे ते सांगतात. जून म्हटल्यावर 31 मेचे ठरावच डोळ्यांपुढे येतात. दोन तारखांमधले अंतर बरोबर अकरा दिवसांचे, म्हणजे जुन्या आणि नव्या ब्रिटिश पंचांगांत होते तेवढेच, तेव्हा घटना एकच असावी, असाही एक तर्क मांडला जातो. शिवजयंतीच्या तारखेचा वाद ऐकत मोठा झालेला मराठी माणूस येथे कान टवकारतो, आणि बखर व अस्सल पत्र यांतला फरक त्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बाकीची ठिकाणे लवकर होतात. जुन्या वसाहतकारांच्या दफनभूमीत थॉमस पोक यांची कबर आहे आणि तेथे मोठ्या झाडांची सावली असल्याने पाय मोकळे करायला बरे वाटते. 1780 मध्ये ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैन्याला या परिसराने इतके सतावले की त्याला गांधीलमाश्यांच्या पोळ्याची उपमा मिळाली, आणि आज शहराच्या बास्केटबॉल संघाचे नावही त्याच माश्यांवरून आहे, एवढे सांगून बाई पुढे गेल्या.

शेवटी स्मृतिवस्तूंचे एक टेबल मांडलेले असते. त्यावरच्या मगांवर, टोप्यांवर आणि चुंबकांवर फक्त 20 मे छापलेले आहे. दोन तास ज्या 31 मेच्या ठरावांवर गटाने मन लावून चर्चा केली, त्यांची साधी प्रतही विक्रीला नव्हती. मी हातातले प्लास्टिकमधले पान विकत मागितले, तर ते परत द्यावे लागेल असे कळले.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. उन्हाळ्यात सकाळची फेरी घ्यावी, कारण चौकात उभे राहूनच बराच वेळ ऐकावे लागते. आणि जेम्स जॅक यांचा 2010 मध्ये उभारलेला, भरधाव घोड्यावरचा पुतळा या सहलीत येत नाही. तो लिटल शुगर क्रीकच्या काठाजवळ आहे, आणि तेथे वेगळे जावे लागते.