लहान मुलाचे हंगामी कपडे घरी शिवताना: सगळे एकदम की एकेक, सुती कापड की होजिअरी?

दोन ते पाच वर्षांच्या मुलासाठी येत्या हंगामाचे कपडे घरीच शिवायचे ठरले, की कापड आणण्याआधी दोन प्रश्नांचा निकाल लावावा लागतो. सगळे कपडे एकदम बेतून शिवावेत की गरज पडेल तसा एकेक शिवावा, हा पहिला प्रश्न. आणि साधे सुती कापड घ्यावे की ताणले जाणारे होजिअरी कापड, हा दुसरा. घरात साधे शिलाई मशीन आहे, सरळ शिलाई आणि इलास्टिकचा नेफा जमतो, पण सलग वेळ मात्र आठवड्यातून थोडाच मिळतो, अशा व्यक्तीला समोर ठेवून मी ही तुलना करीत आहे. माझा कल सुरुवातीलाच सांगणे बरे: संपूर्ण हंगामाचा आराखडा एकदाच करावा, शिवणकाम मात्र दोन टप्प्यांत करावे; लेंगे, चड्ड्या, फ्रॉक आणि वरून घालायची जाकिटे सुती कापडाची घरी शिवावीत, आणि होजिअरीचे टी-शर्ट निदान पहिल्या हंगामात तयार घ्यावेत.

संख्या ठरवताना आवडीपेक्षा धुण्याचे वेळापत्रक अधिक उपयोगी पडते. मुलाला दिवसाला दोन वरचे कपडे लागत असतील, धुणे एक दिवसाआड होत असेल आणि वाळून कपाटात यायला आणखी एक दिवस जात असेल, तर तीन दिवसांचे सहा आणि हाताशी दोन जादा असे आठ वरचे कपडे पुरतात. पावसाळी हवेत वाळायला दोन दिवस लागत असतील तर हाच आकडा दहावर जातो. खालचे कपडे याहून कमी, म्हणजे पाच असले तरी चालतात, मात्र त्यांचे रंग दोनच आणि साधे ठेवावेत, म्हणजे कोणताही वरचा कपडा कोणत्याही खालच्या कपड्यावर शोभतो आणि पाच व आठ कपड्यांतून चाळीस जोड्या होतात. मागच्या हंगामातले जे कपडे अजून अंगाला होतात ते यातून वजा करावेत. शिवायचे काम बहुतेक वेळा आठ-नऊ नगांवर येते.

सगळे एकदम, की एकेक

एकदम बेतण्याचा सर्वांत मोठा फायदा कापडात होतो, आणि तो आकड्यांत मांडून पाहण्यासारखा आहे. साधारण तीन वर्षांच्या मुलाच्या, बाहेरून शिवण नसलेल्या लेंग्याचा एक पाय रुंदीला सुमारे ४२ सें.मी. आणि नेफा व दुमड धरून लांबीला सुमारे ६५ सें.मी. होतो असे समजू. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, १५० सें.मी. असेल तर एका लांबीत तीन पाय शेजारी-शेजारी बसतात. एकच लेंगा बेतला तर दोन पाय कापले जातात आणि तिसऱ्या पायाची जागा उरते, जिचा पुढे खिशांपलीकडे फारसा उपयोग होत नाही. तीन लेंगे एकत्र बेतले तर सहा पाय दोन लांब्यांत, म्हणजे १३० सें.मी. कापडात बसतात, तेच तीन वेगवेगळ्या वेळी कापले तर १९५ सें.मी. लागते. मात्र कापड एकपदरी पसरून बेतताना निम्मे पाय बेताचा कागद उलटा ठेवून आखावे लागतात, नाही तर सगळे उजवेच पाय हाती येतात. कॉर्डुरॉयसारख्या लव असलेल्या कापडात सहाही पायांचा वरचा भाग एकाच दिशेला ठेवावा. एक पाय जरी उलट्या दिशेने कापला गेला, तरी तो उजेडात वेगळ्याच रंगाचा दिसतो.

दुसरा फायदा वेळेचा. एका बैठकीत सगळे आखणे व कापणे, दुसरीत सगळ्या आतल्या शिवणी, तिसरीत सगळ्या शिवणी इस्त्रीने बसवून घेणे, अशी कामाची विभागणी केली की दोरा, सुई आणि बॉबिन वारंवार बदलावे लागत नाहीत. एकेक कपडा वेगवेगळ्या वेळी शिवणाऱ्याला ही सोय मिळत नाहीच, शिवाय महिन्याभराने तेच कापड पुन्हा आणले तर रंगाचा लॉट बदललेला असू शकतो आणि छटेत फरक पडतो.

असे असूनही सगळे कपडे एकाच दमात शिवून टाकण्याचा सल्ला मी देणार नाही. मापातली एक चूक सगळ्या नगांत उतरते, हे त्याचे मुख्य कारण आहे. लहान मुलांच्या लेंग्यात ही चूक बहुधा आसनाच्या उंचीत होते, म्हणजे कंबरेपासून दोन्ही पाय जुळतात तिथपर्यंतच्या अंतरात. उभ्या मुलाच्या अंगावर जो लेंगा नीट बसलेला दिसतो तोच मूल उकिडवे बसले की मागून खाली ओढला जातो आणि पाठ उघडी पडते. मागच्या भागाची उंची पुढच्यापेक्षा दीड-दोन सें.मी. अधिक धरली की हा दोष जातो, पण ती किती धरावी हे त्या मुलाच्या अंगावर पाहूनच कळते. एकेक शिवण्याची पद्धत इथे सरस ठरते, कारण प्रत्येक नव्या कपड्यात आधीच्या कपड्याची दुरुस्ती करता येते. मुलाच्या पसंतीचाही प्रश्न असतो. गळ्याशी टोचणारी पट्टी, घट्ट मोहरी किंवा कडक कॉलर यांपैकी काहीही एका कपड्यात नकोसे झाले तर तसे शिवलेले बाकीचे कपडेही घडीवरच राहतात.

म्हणून मधला मार्ग सुचवावासा वाटतो. कापड सगळे एकदम आणावे आणि कापण्यापूर्वी धुऊन घ्यावे. साधे सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकते आणि होजिअरी त्याहूनही अधिक, तेही बहुधा लांबीत. मग एक लेंगा आणि एक वरचा कपडा पूर्ण करावा, अगदी काजबटणांसह. ते मुलाला दिवसभर घालून पाहावेत: हात वर केल्यावर पोट उघडे पडते का, उकिडवे बसता येते का, मुलाला स्वतःला लेंगा वर-खाली करता येतो का. दोनदा धुऊन पुन्हा मापावेत. त्यानंतरच बाकीचे कापड कापावे. यात आठवडाभर जातो हे खरे, पण उसवण्यात जाणारा वेळ त्याहून कितीतरी अधिक असतो.

वाढत्या अंगाचा विचार

एकदम शिवलेले कपडे हंगाम संपायच्या आतच आखूड होतील, ही भीती अनेकांना वाटते. या वयात मुलाची उंची वर्षाला साधारण सात सें.मी. वाढते आणि त्यातली निम्मी वाढ पायांत होते असे धरले, तर चार महिन्यांत लेंगा सव्वा सें.मी.च्या आसपास आखूड पडेल. छातीचा घेर मात्र वर्षभरात दोन सें.मी.च्या आसपासच वाढतो. म्हणजे वाढीची तरतूद लांबीत करायची, घेरात नव्हे. घेरदार कपडा मोठा होईपर्यंत चालेल असे म्हणून दोन मापे मोठा शिवला, तर गळा खांद्यावरून घसरतो, मुंढे, म्हणजे बाही जोडण्याची जागा, कोपरापर्यंत लोंबतात आणि मूल वर्षभर बेढब कपड्यात अवघडून वावरते. मला ही काटकसर पटत नाही.

त्याऐवजी पायांना चार-पाच सें.मी.ची दुमड ठेवावी. बाहीत आणि फ्रॉकच्या घेरात आतल्या बाजूने एक-दोन आडव्या चुण्या लांब टाक्याने घालाव्यात, त्या पुढे उसवायला सोप्या जातात. नेफ्यात इलास्टिकचे टोक तीन सें.मी. जादा सोडावे आणि नेफ्याचे तोंड यंत्राऐवजी हाताने शिवावे. बाजूच्या शिवणींत थोडी माया, म्हणजे आत सोडलेले जादा कापड, असली की घेराचे काम भागते. दुमड उलगडल्यावर जुन्या घडीची फिकट रेघ दिसते, विशेषतः गडद रंगावर. तिच्यावर उरलेल्या कापडाची पट्टी शिवली की रेघही झाकते आणि कपड्याला नवे रूप येते. इतकी तरतूद केली की एकदम शिवण्यावरचा हा आक्षेप बराचसा निकालात निघतो.

सुती कापड की होजिअरी

साधे सुती कापड कात्रीखाली स्थिर राहते, साध्या मशीनवर सरळ टाक्याने शिवता येते आणि चूक झाली तर खूण न ठेवता उसवता येते. वॉयल-मलमलीसाठी ७० नंबरची सुई, पॉपलिन-केंब्रिकसाठी ८० आणि डेनिम-कॉर्डुरॉयसाठी ९० नंबरची सुई, एवढी तयारी पुरते. त्याचे दोरे निघतात ही अडचण खरी आहे, पण फ्रेंच शिलाईने, म्हणजे आधी सुलट बाजूने अरुंद शिवण घालून मग ती उलट बाजूने दुसऱ्या शिवणीत बंद करून, तीही सुटते. अशा कपड्याची आतली बाजू बाहेरच्याइतकीच गुळगुळीत होते, आणि नाजूक कातडीच्या मुलाला हा फरक चांगलाच जाणवतो. मांडीच्या जाड शिवणीत मात्र फ्रेंच शिलाई टाळावी, तिथे ती टोचते.

सुती कापडाची खरी कसोटी गळ्याला लागते. तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४९ सें.मी. असतो आणि छातीही त्याच्याच आसपास असते. डोके जाईल एवढा गोल गळा ठेवला तर तो खांद्यांवर टिकत नाही, आणि खांद्यांवर बसेल असा ठेवला तर डोके जात नाही. यामुळे सुती वरच्या कपड्याला गळ्याजवळ चीर आणि पट्टी, खांद्यावर बटणे किंवा पाठीला उघडा भाग द्यावाच लागतो. पाठीची बटणे दिसायला सुबक असली तरी मुलाला स्वतः लावता येत नाहीत. पुढून किंवा खांद्यावर उघडणारा कपडा मुलाला लवकर स्वावलंबी करतो.

होजिअरीत हा प्रश्नच उद्भवत नाही. कापड ताणले जाते, डोके जाते आणि गळा परत जागेवर येतो. बटण नाही, काज नाही. धावणे, लोळणे, चढणे या सगळ्यांत तो कपडा अंगाबरोबर हलतो, इस्त्री लागत नाही आणि कडांचे दोरेही निघत नाहीत. कपडा घालणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर होजिअरी सरस आहे, यात मला शंका नाही. शिवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती वेगळी विद्या आहे. सुई बोथट गोल टोकाची, म्हणजे बॉल पॉइंट लागते. टोकदार सुईने कापडातला धागा तुटतो आणि दोन-चार धुण्यांनंतर शिवणीच्या कडेने बारीक भोके दिसू लागतात. सरळ टाका ताणाबरोबर तुटतो, म्हणून अरुंद झिगझॅग घालावा लागतो. गळपट्टीही गळ्याच्या घेराएवढी न कापता त्याच्या शेकडा ८० ते ८५ लांबीची कापून, चार ठिकाणी टाचण्या लावून, पट्टी ताणत आणि गळा न ताणता शिवावी लागते. हा ताण कमी पडला तर गळा लाटांसारखा उभा राहतो, जास्त झाला तर त्याला चुण्या पडतात. कडा कापत आणि गुंफत शिवणारे ओव्हरलॉक मशीन असेल तर हे काम पुष्कळ सुकर होते, पण एका हंगामासाठी ते घ्यावे असे मी म्हणणार नाही.

हंगामही या निवडीत आपले म्हणणे मांडतो. उन्हाळ्यासाठी अंगापासून थोडे सुटे राहणारे पातळ सुती कपडे उत्तम, आणि तेच घरी शिवायला सर्वांत सोपे आहेत. थंडीत एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ थर अधिक ऊब देतात, कारण थरांच्या मध्ये हवा अडकून राहते. आत तयार होजिअरी आणि वर घरी शिवलेले, सुती अस्तराचे जाकीट ही जोडी त्यासाठी चांगली, फक्त जाकिटाचा मुंढा दोन सें.मी. अधिक खोल आणि बाही थोडी सैल असावी. फ्लॅनेल मऊ असते, पण तिची लव चटकन पेट घेते, म्हणून तिचे ढगळ झगे करून मुलाला आगीजवळ वावरू देऊ नये. पावसाळी कोट घरी शिवण्याच्या फंदात पडू नये. सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी आत येते आणि शिवणी बंद करणारी पट्टी चिकटवण्याची सोय सहसा घरी नसते.

बंद करण्याच्या साधनांत फार घोळ घालण्याचे कारण नाही: खालच्या कपड्यांना इलास्टिक, वरच्यांना टिचबटणे किंवा मोठी बटणे. तीन वर्षांखालील मुलांसाठी बटण दुहेरी दोऱ्याने घट्ट लावावे, कारण सुटलेले बटण थेट तोंडात जाते. जाकिटाच्या टोपीला किंवा गळ्याला नाडी मात्र अजिबात लावू नये. ती घसरगुंडीत किंवा दारात अडकून गळ्याला फास बसू शकतो. युरोपीय मानक ईएन १४६८२ सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांत टोपीला व गळ्याला नाडी ठेवू देत नाही.

ज्यांच्याकडे ओव्हरलॉक आहे किंवा ज्यांना होजिअरी शिकायचीच आहे त्यांनी टी-शर्टापासून सुरुवात न करता रात्रीच्या लेंग्यापासून करावी. त्यात गळा नाही, मुंढा नाही, आणि टाका थोडा वाकडा गेला तरी कपडा वाया जात नाही. ज्यांना दोन भावंडांसाठी शिवायचे आहे त्यांच्यासाठी एकदम बेतण्याचे पारडे आणखी जड होते, कारण मोठ्याच्या लेंग्याशेजारी उरणाऱ्या पट्ट्यात धाकट्याची चड्डी बसते. बाकीच्यांनी ठरलेल्या नगांपैकी निम्मेच हंगामाच्या तोंडावर शिवावेत आणि तीन-चार आठवडे पाहावे. जो कपडा धुण्याच्या बादलीत सारखा दिसतो तो मुलाच्या अंगवळणी पडलेला असतो. उरलेले कापड त्याच कागदावरून कापावे.