करवाढविरोधी निवेदनावर सही करावी का? दोन भूमिकांची तुलना

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या कार्यालयांत विरोधी पक्षाचे कार्यकर्ते निवेदन घेऊन येतात. मालमत्ता कर, पाणीपट्टी किंवा कोणत्याही शुल्कात एक रुपयाचीही वाढ होऊ देणार नाही, ही त्यांच्या नेत्याची भूमिका त्यात मांडलेली असते आणि खाली सह्यांसाठी जागा सोडलेली असते. त्याच विरोधी बाकांवर दुसरीही भूमिका ऐकू येते: आमचा वाढीला सरसकट विरोध नाही, पण आधी थकबाकी वसूल करा, खर्चाचा हिशेब द्या, मग दराचे बोलू. यांपैकी कोणाच्या मागे उभे राहावे, हा प्रश्न ज्या कार्यकारिणीपुढे आहे तिच्यासाठी हा आढावा आहे.

पहिल्या भूमिकेचे बळ तिच्या स्पष्टतेत आहे आणि मतदार ती विसरत नाही. खाडीपलीकडे नवी मुंबईत गणेश नाईक यांनी करवाढ न करण्याचे वचन वर्षानुवर्षे आपल्या राजकारणाच्या केंद्रस्थानी ठेवले, आणि ते तिथे लोकांना भावले. मात्र ते वचन ठाण्यात जसेच्या तसे उचलून आणता येत नाही, कारण नवी मुंबई महापालिकेकडे मोरबे हे स्वतःच्या मालकीचे धरण आहे आणि ठाण्याकडे असे एकही धरण नाही. ठाणे महापालिका भातसा नदीवरील स्वतःच्या योजनेखेरीज स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून पाणी घेते, आणि विकत घेतलेल्या पाण्याचा दर ठाण्याचे सभागृह ठरवत नाही. पाणीपट्टी गोठवली तर वाढलेला फरक पालिकेच्या दुसऱ्या कुठल्या तरी कामातून जातो. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना तो कुठे जातो हे सांगावे लागत नाही. आमच्याच सोसायटीच्या एका मे महिन्याच्या हिशेबात टँकरवाल्याला दिलेली रक्कम पाणीपट्टीपेक्षा मोठी होती. पालिकेने कर वाढवला नव्हता, तरी मेंटेनन्स वाढला होता.

तरीही ‘एक रुपयाही नको’ असे म्हणणाऱ्याच्या हाती कधीकधी खरोखर काही लागते, हे मान्य करायला हवे. 1 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या वेशीवरील टोलनाक्यांवर मोटारीचा टोल 40 वरून 45 रुपये झाला, तेव्हा मनसेचे अविनाश जाधव ठाण्यात उपोषणाला बसले आणि राज ठाकरे त्यांना भेटायला आले. दर तीन वर्षांनी होणारी ही वाढ करारातच लिहिलेली होती, त्यामुळे ती त्या वेळी मागे घेतली गेली नाही. पण विषय तापत राहिला आणि 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून आनंदनगर, ऐरोली, वाशी यांसह पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. रोज मुंबईला मोटारीने जाणाऱ्याची यात मोठी बचत झाली. त्या टोलची भरपाई मात्र राज्याच्या तिजोरीवर आली, म्हणजे ज्याने कधी मोटार घेतलीच नाही त्याचाही त्यात वाटा आला. विरोधी नेत्याच्या यशाचे मोजमाप करताना हा भाग सोडून चालणार नाही.

माझ्या मते विरोध कोणत्या वाढीला आहे, हे आधी पाहावे. मालमत्ता कर घराच्या करयोग्य मूल्यावर बसतो, त्यामुळे मोठ्या घराला जास्त आणि लहान घराला कमी. भाड्याचे आणि शुल्काचे तसे नसते. जानेवारी 2025 मध्ये एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, तेव्हा खोपट आगारातून गावाकडे निघालेल्या मजुराला आणि पगारदाराला तिकीट एकाच दराने मिळत होते. अशा वाढीविरुद्ध रस्त्यावर उतरणाऱ्या विरोधकाच्या बाजूने मी विनाअट उभा राहीन. मालमत्ता कराच्या बाबतीत तसे करणार नाही. मालमत्ता कराचे बिल हातात घेऊन ओळीओळीने वाचले, तर सामान्य कर, वृक्षकर असे करता करता शिक्षण कराची ओळ येते. तो कर पालिका राज्य शासनासाठी गोळा करते, आणि त्या ओळीसाठी महापालिकेच्या दारात घोषणा देऊन काही उपयोग नाही.

दुसरी, सशर्त भूमिका मला अधिक पटते, पण तिच्यातही एक गोम आहे. थकीत मालमत्ता करावर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. ‘आधी थकबाकी वसूल करा’ असे सभागृहात म्हणणारा नेताच पुढे शास्तीमाफीची अभय योजना मागतो, तेव्हा वेळेवर बिल भरणाऱ्याला आपण फसलो असे वाटते आणि ते वाटणे योग्यच आहे. म्हणून त्या नेत्याने अभय योजनेबद्दल काय म्हटले होते, हे विचारल्याशिवाय त्याची अट गंभीरपणे घेऊ नये.

यातली सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट वेळेची आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 99 नुसार पुढील वर्षाचे कराचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून प्रशासकांचा कारभार होता, त्यामुळे त्या काळात विरोधकाला सभागृहच उरले नव्हते आणि त्याने पत्रके वाटली तर त्यात काही गैर नव्हते. जानेवारी 2026 च्या निवडणुकांनंतर ती सबब उरली नाही. एप्रिलमध्ये बिले घरोघरी पोचल्यावर मोर्चा काढणारा नेता आणि फेब्रुवारीत दराच्या प्रस्तावात बदल सुचवणारी उपसूचना लेखी देणारा नेता, यांत दुसऱ्याचीच निवड करावी, मग त्याचा पक्ष कोणताही असो.

आमच्या कार्यकारिणीने शेवटी निवेदनावर सही केली, पण छापील मजकुराखाली हाताने दोन वाक्ये लिहिली: पाणीपट्टी न वाढवल्यास विकतच्या पाण्याचे पैसे कोणत्या तरतुदीतून द्यावेत ते आपण सुचवावे, आणि आपली उपसूचना 20 फेब्रुवारीपूर्वी दिल्याची पोच आम्हाला दाखवावी. कार्यकर्त्याने तो कागद दोनदा वाचला, साहेबांना विचारतो म्हणाला, आणि प्रत आमच्याकडे ठेवून गेला.