जुना टू-स्ट्रोक ओबीएम: एका मोसमाच्या वापरानंतर

जुना ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे लावायची आउटबोर्ड मोटर, घ्यावा का, असं कुणी विचारलं तर मी आता बेधडक हो म्हणतो. अट एकच: मोटर थंड ठेवणारं पाणी आतून नीट फिरलं पाहिजे. माझा १५ एचपीचा टू-स्ट्रोक गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर घेतला, १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत खोलून दुरुस्त केला आणि ऑगस्टपासून तो गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या तेरेखोलच्या खाडीत चालतोय. कधी केरीच्या मुखापाशी गळ टाकायला, कधी भरती धरून वर किरणपाणीपर्यंत.

घेतला तेव्हा चालू होत होता, पण मागच्या छिद्रातून पाण्याची धार जेमतेम करंगळीएवढी पडायची. अशा वेळी सगळे इम्पेलर (पंपातलं पाणी ओढणारं रबरी पात्यांचं चाक) बदला म्हणतात. तो बदललाच, जुन्याची पाती एका बाजूला वाकून कडक झाली होती. तरी धार सुधारली नाही. मग सिलिंडरवरचं पाण्याचं झाकण काढायला घेतलं. अ‍ॅल्युमिनियममध्ये बसलेले स्टीलचे बोल्ट खाऱ्या पाण्याने असे धरतात की जोर केला तर तुटून आतच राहतात. रात्रभर सुटं करणारं तेल मुरू दिलं, सकाळी गरम हवेने शेकलं, हलके टोले दिले, आणि मग पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे करत एकेक सोडवला. आत पाण्याची वाट मिठाच्या पांढऱ्या, चुन्यासारख्या थराने बुजली होती. थर्मोस्टॅट, म्हणजे मोटर तापली की पाण्याला वाट देणारी झडप, उघडाच होईना. बांबूच्या काडीने खरवडलं, उरलेल्यावर थोडा वेळ माडाचं विनेगर ठेवलं आणि लगेच गोड्या पाण्याने धुतलं. आंबट जास्त वेळ राहिलं तर धातूच खातं. नवीन गॅस्केट घातलं, बोल्टना मरीन ग्रीस लावलं. तेव्हापासून धार सरळ आणि जोरात पडते, आणि घरी आल्यावर ड्रममध्ये गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवल्याशिवाय मी मोटर ठेवत नाही. पाण्याबाहेर मात्र क्षणभरही चालवू नका, इम्पेलरचं रबर तिथेच जळतं.

दुसरं दुखणं पेट्रोलचं. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. आपल्याकडच्या पावसात टाकीत पडून राहिलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. टू-स्ट्रोकला हे फार घातक, कारण त्यात पेट्रोलमध्येच मिसळलेलं ऑइल वर पेट्रोलसोबत राहतं आणि नळी तळाचं ओढते, म्हणजे बेअरिंगला तेलच मिळत नाही. मी जेवढं लागेल तेवढंच पेट्रोल आणि ऑइल ५०:१ ने मिसळतो, लिटरला २० मिली ऑइल, तेही टीसी-डब्ल्यू३ प्रतीचं, म्हणजे होडीच्या टू-स्ट्रोक मोटरींसाठीचं. मोटरसायकलचं ऑइल घालू नका, त्याची राख प्लगवर जमते. फेरी संपताना पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालू ठेवतो. जुनी नळी आणि हाताने दाबायचा रबरी फुगा दोन्ही बदलले, तो खर्च टाळण्यात अर्थ नाही.

तक्रारी आहेतच. पेट्रोल भरपूर पितो, धूर करतो, हँडल धरून हात बधिर होतो. पण सगळं पान्याने खोलता येतं, भर पाण्यात बंद पडला तरी दोरीने चालू होतो, कॉम्प्युटर लावणारा माणूस शोधावा लागत नाही. रोज पोटासाठी चालवणाऱ्याला हा गुण मोठा वाटेल.

घ्यायला जाल तेव्हा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) काढून त्याच्या दांड्यावर नायलॉनचा दोरा गुंडाळलाय का ते बघा. आपल्या खाड्यांत तुटकी जाळी फार, आणि तो दोरा ऑइल सील कापतो. गियर केसचा (पंख्यापाशी गियर असलेल्या भागाचा) खालचा स्क्रू सोडून दोन थेंब बोटावर घ्या. तेल दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी शिरलंय. सील आणि बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच पुढचं बोला.