कमी धावलेली सुप्रा: किंमत कोणत्या मापाने मोजायची?

2019 च्या सुरुवातीला अमेरिकेत दोन टोयोटा सुप्रा थोड्याच अंतराने लिलावात विकल्या गेल्या. दोन्ही 1994 च्या, दोन्ही ट्विन टर्बो, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारे दोन टर्बोचार्जर असलेल्या. पहिली जेमतेम सात हजार मैल धावलेली. ‘ब्रिंग अ ट्रेलर’च्या ऑनलाइन लिलावात ती 1,21,000 डॉलरला गेली. दुसरी 11,200 मैल धावलेली; फ्लोरिडात अमेलिया आयलंडला झालेल्या ‘आरएम सदबीज’च्या लिलावात तिचे 1,73,600 डॉलर आले. म्हणजे जास्त धावलेली गाडी महाग गेली.

ए-80 पिढीची, म्हणजे अमेरिकेत 1993 ते 1998 या काळात विकली गेलेली सुप्रा घ्यायचा विचार असेल आणि विकणारा सांगतो तो भाव रास्त आहे का हे ठरवायचं असेल, तर आधी ही जोडी उलगडून पाहा. कमी रनिंगच्या गाडीचा भाव काढताना लोक जिथे जिथे फसतात, त्यातल्या बऱ्याच जागा हिच्यात दिसतात.

पहिली जागा म्हणजे कमिशन. आरएम सदबीजने जाहीर केलेल्या आकड्यात खरेदीदाराचं 12 टक्के कमिशन धरलेलं होतं. शेवटची बोली 1,55,000 ची, त्यावर 18,600 कमिशन. ब्रिंग अ ट्रेलरचा आकडा मात्र नुसत्या बोलीचा असतो. 5 टक्के कमिशन खरेदीदार वेगळं भरतो आणि तेव्हा त्याला 5,000 डॉलरची मर्यादा होती. म्हणजे घेणाऱ्यांच्या खिशातून गेले 1,26,000 आणि 1,73,600. नुसत्या बोल्या पाहिल्या तर 1,21,000 आणि 1,55,000. पहिल्या नजरेला साडेबावन्न हजार दिसणारा फरक बोलीला बोली लावून पाहिली की चौतीस हजारांवर येतो. एका लिलावघराचा कमिशनसकट आकडा आणि दुसऱ्याचा कमिशनविना आकडा शेजारी ठेवून सरासरी काढणारे मी बरेच पाहिले आहेत. ती सरासरी कुठल्याच गाडीची नसते.

उरलेले चौतीस हजार मैलांनी समजावून सांगता येत नाहीत, कारण मैल तर उलट्या बाजूला आहेत. लिलावात शेवटची किंमत ठरवतो तो दुसऱ्या क्रमांकाचा बोलीदार. तो जिथे थांबला त्याच्या एक पायरी वर गाडी विकली जाते. हौशी, पैसेवाली दोन माणसं एकाच सभागृहात समोरासमोर आली की भाव चढतो, एकच आला तर चढत नाही. त्यात नवी सुप्रा त्याच जानेवारीत डेट्रॉईटला दाखवली गेली होती आणि नावाची चर्चा जोरात होती. म्हणून एकाच विक्रीवर आपला भाव कधीही टेकवू नये. निदान पाच-सहा विक्री हव्यात.

भाव काढायला चार मापं हाताशी असतात आणि ती एका योग्यतेची नाहीत.

जाहिरातीतली किंमत सगळ्यात कच्चं माप. रास्त भावाची गाडी आठवड्यात जाते, महागडी महिनोन्‌महिने लटकत राहते. त्यामुळे कुठल्याही दिवशी जाहिराती चाळल्या तर न विकल्या गेलेल्या गाड्यांचेच आकडे जास्त दिसतात. विकणाऱ्याची अपेक्षा कुठवर जाते एवढं त्यातून कळतं.

‘हॅगर्टी’सारख्या दरसूचीचा उपयोग जास्त आहे, पण वेगळ्या कामासाठी. ती गाडीच्या अवस्थेचे चार दर्जे करते: पहिला प्रदर्शनात बक्षीस मिळवेल असा, दुसरा उत्कृष्ट, तिसरा चांगला, चौथा चालू. भाव वर्षभरात कुठल्या दिशेला सरकतोय हे पाहायला ही सूची उत्तम. 2021-22 मध्ये अशा गाड्यांचे भाव चढले आणि नंतर थंडावले, त्यामुळे तेव्हाची विक्री आजचा भाव म्हणून कोणी दाखवली तर सूचीतला आलेख समोर धरावा. पण फार कमी धावलेल्या गाडीचा नेमका भाव सूचीत शोधू नये. अशा गाड्या मोजक्या, त्यांची विक्री क्वचित, आणि मालक आपली गाडी हमखास एक दर्जा वर धरतो.

तिसरं माप मूल्यांकनकाराचं. विमा, वारसाहक्काची वाटणी किंवा कर्ज यासाठी लेखी अहवाल लागतोच. अमेरिकेत या व्यवसायाची ‘युस्पॅप’ नावाची मानकं आहेत. त्यांनुसार मूल्यांकनकाराची फी येणाऱ्या किमतीवर अवलंबून ठेवता येत नाही. किमतीच्या टक्क्यांत फी मागणारा भेटला तर नमस्कार करून निघावं. पण खरेदी ठरवायला हा अहवाल मला अपुरा वाटतो. मूल्यांकनकार किंमत शोधतो तीही शेवटी झालेल्या विक्रींमधूनच. तेच पैसे सुप्रा उघडून पाहिलेल्या मेकॅनिककडून खरेदीपूर्व तपासणी करून घ्यायला लावलेले बरे.

राहिलं चौथं माप, लिलावांचे निकाल. माझा भर यावर. मात्र निकाल निवडून घ्यावे लागतात. गेल्या वर्ष-दीड वर्षातलेच घ्या. नव्या पिढीची पहिलीच सुप्रा म्हणून एक गाडी 2019 मध्ये बॅरेट-जॅक्सनच्या स्कॉट्सडेल लिलावात 21 लाख डॉलरला गेली, पण तो धर्मादाय लिलाव होता. 2021 मध्ये लास वेगासला ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ चित्रपटातली नारिंगी सुप्रा 5,50,000 ला गेली, तिथे पैसे पडद्यावरच्या ओळखीचे होते. असे निकाल सरळ बाजूला काढा. उलट राखीव किंमत, म्हणजे विकणाऱ्याने आधी ठरवलेली किमान किंमत, न गाठता परत गेलेल्या गाड्या मात्र मोजा. तिथली शेवटची बोली म्हणजे कोणीतरी खरोखर द्यायला तयार असलेले पैसे, आणि हा पुरावा बहुतेक जण वाचतच नाहीत.

मग जोडी जुळवायची. टर्बोला टर्बो, सहा गिअरच्या मॅन्युअलला मॅन्युअल, उघडणाऱ्या टारगा छताला टारगा. साध्या इंजिनाची 220 अश्वशक्तीची आणि टर्बोची 320 अश्वशक्तीची सुप्रा बाहेरून इतक्या सारख्या, की साधी गाडी टर्बो करून विकणं जुनंच आहे. 1996 सालाबद्दल विशेष सावध राहा. नव्या प्रदूषण-निदान नियमामुळे त्या वर्षी अमेरिकेत टर्बो सुप्रा फक्त ऑटोमॅटिकमध्ये मिळत होती, मॅन्युअल 1997 ला परत आली. 1996 ची ‘कारखान्यातून आलेली सहा गिअरची टर्बो’ कोणी दाखवली तर गिअरबॉक्स नंतर बसवलेला आहे. पंचवीस वर्षं उलटल्यावर जपानहून आणलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचा बाजारही वेगळा, त्यांचे आकडे या हिशेबात मिसळू नका.

आठ हजार मैल की पंचेचाळीस हजार?

बहुतेकांपुढे खरी निवड अशी येते: एक गाडी आठ हजार मैलांची, दुसरी पंचेचाळीस हजारांची, दोन्ही मूळ अवस्थेत, पहिली बरीच महाग. मैलांमागे भाव सरळ रेषेत उतरत नाही. पहिल्या काही हजारांत तो कड्यासारखा पडतो, पुढे पठार लागतं. आठ हजारांची गाडी बारा हजारांवर नेली की ती दुर्मीळ गाड्यांच्या रांगेतून खाली येते. पंचेचाळीसची एकोणपन्नास झाली तर घेणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. म्हणजे पहिल्या गाडीत चालवलेल्या प्रत्येक मैलाचे पैसे तुम्ही भरत असता. रविवारी सकाळी बाहेर काढायची असेल तर दुसरी घ्या, मी हे ठामपणे सांगतो. सहा सिलिंडरचं 2जेझेड इंजिन धावण्यासाठीच बांधलेलं आहे. पहिली गाडी त्याने घ्यावी ज्याला ती जपायची आहे, कोरडं गॅरेज आहे आणि दहा वर्षं पैसे अडकले तरी चालणार आहेत.

शिवाय उभी गाडी म्हणजे निरोगी गाडी नव्हे. टायमिंग बेल्ट, ब्रेकचे होज, सील, इंधनाच्या नळ्या हे रबर मैलांनी झिजतं तसं वर्षांनीही वाळतं. सात हजार मैलांची गाडी मूळ टायरवर उभी असेल तर संग्राहक खूश होतो, पण त्या टायरवर ती हायवेला नेऊ नये. टायरच्या कडेवरचा कोड बघा: 2000 पूर्वी तो तीन आकडी असे, आठवड्याचे दोन आकडे आणि वर्षाचा एक. चार आकडी कोड दिसला तर टायर बदललेले आहेत. त्यात वाईट काही नाही, फक्त ‘सगळं मूळ’ या दाव्यातून तेवढं वजा करा आणि बेल्टपासून होजपर्यंतचा खर्च आपल्या बोलीतून आधीच काढून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कमी मैलांचे पैसे द्यायचे ते मैल सिद्ध झाल्यावरच. अमेरिकेतल्या केंद्रीय नियमाप्रमाणे 2010 पर्यंतच्या मॉडेलना दहा वर्षांनंतर विक्रीच्या वेळी मीटरचं रीडिंग जाहीर करण्यातून सूट आहे. त्यामुळे 1994 च्या गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, मीटरबद्दल ‘सूट’ एवढंच लिहिलेलं असू शकतं. डॅशबोर्डवरचा आकडा एकटा पुरावा होत नाही. मीटर मागे फिरवता येतं, अख्खा बदलताही येतो. पुरावा म्हणजे साखळी: सर्व्हिसच्या पावत्या, राज्याच्या तपासणीचे कागद, विक्रीच्या नोंदी, आणि प्रत्येक कागदावर तारखेसोबत चढत गेलेलं रीडिंग. मध्ये सात-आठ वर्षांची पोकळी असेल तर गाडी कुठे होती ते विचारा.

दुसरा पुरावा पत्र्याचा. सुप्राच्या बॉनेट, दरवाजे, फेंडर, बंपरवर चोरीप्रतिबंधक नियमामुळे गाडीच्या क्रमांकाचे स्टिकर कारखान्यातच लागत. सगळे जागेवर असतील आणि पेंट मीटर सगळीकडे साधारण सारखी जाडी दाखवत असेल, तर पत्रा मूळचा आहे असं मानायला जागा आहे. एखादा स्टिकर नसेल तर तिथे काय झालं होतं ते कागदावर मागा. चांगल्या कागदांची वीस हजार मैलांची गाडी मी बिनकागदाच्या नऊ हजारांच्या गाडीपेक्षा वर धरतो, आणि बोली लावायची वेळ आली तर तशीच लावीन.

तुम्ही अमेरिकेत राहत असाल आणि निवृत्तीनंतर गाडी पुण्याला न्यायचा बेत मनात असेल तर तो हिशेबातून काढा. सर्वसाधारण नियमानुसार तीन वर्षांहून जुनी वापरलेली किंवा डाव्या स्टिअरिंगची गाडी भारतात आयात करता येत नाही. पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक अमेरिकेतच शोधायचं आहे.

जुळणाऱ्या पाच-सहा विक्री कमिशन काढून एका कागदावर उतरवा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची खोडा, उरलेल्यांमध्ये आपली गाडी कागदपत्रांनी कुठे बसते ते पाहा. येणारा आकडा म्हणजे एक पट्टा असेल, आणि विकणाऱ्याशी बोलणी त्या पट्ट्याच्या खालच्या टोकापासून सुरू करावी. सौदा झाला की विमा ‘ठरलेल्या मूल्याचा’ घ्या. साध्या पॉलिसीत घसारा वजा होतो आणि तीस वर्षांच्या गाडीचे हातात चणेफुटाणे येतात. मूल्य ठरवून देताना विमा कंपनीला हाच कागद आणि तपासणीचे फोटो पाठवता येतील.