आरएक्स १००, १३५, रोडकिंग की आरडी: ड्रॅगसाठी जुनी गाडी घेताना

आमच्या चुलत बहिणीचा पोरगा गेले दोन महिने मला रोज गाड्यांचे फोटो पाठवतोय. मिरजेत एक यामाहाची आरएक्स १००, विट्याला तिचीच मोठी बहीण आरएक्स १३५ फाइव्ह स्पीड, तासगावात यझदी रोडकिंग आणि कोल्हापुरात एकाकडं आरडी ३५०. त्याचं म्हणणं एकच, मामा पैसे एकदाच जमलेत, गाडी एकच घेणार, ड्रॅगला म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ शर्यतीला पण न्यायची आणि विश्रामबागला कॉलेजला पण तीच, तर सांगा कुठली घेऊ. फोनवर तुकड्या तुकड्यानं किती सांगणार, आणि असंच विचारणारी अजून चार पोरं आहेत, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. मी कुपवाड एमआयडीसीत ब्लॉक बोअरिंग आणि होनिंगचं, म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून कापून-घासून मोठं करायचं काम करतो, त्यामुळं ह्या गाड्या मला बाहेरून कमी आणि आतून जास्त माहिती आहेत.

पहिल्यांदा हॉर्सपॉवरचं बोलू, कारण सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते. कंपनीचे आकडे असे आहेत. आरएक्स १०० ला ११, साडेसात हजार आरपीएमला. आरएक्स १३५ फाइव्ह स्पीडला १४. रोडकिंगला १६. जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेट ३५० ला १८. आणि आरडीचे दोन प्रकार, हाय टॉर्क असेल तर ३०.५, लो टॉर्क असेल तर २७. आता हे सगळे क्रँकवरचे म्हणजे थेट इंजिनवर मोजलेले आकडे, क्लच गिअरबॉक्स चेन यातनं मागच्या चाकाला पोचेपर्यंत दहा-पंधरा टक्के जातातच. वर आपली सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, शंभर मीटरला एक टक्का ताकद कमी असा ढोबळ हिशोब असतो म्हणजे पाच टक्के तिथंच गेले, आणि एप्रिल-मे मध्ये हवा तापून पातळ झाली की अजून थोडी. पण हे सगळ्याच गाड्यांना लागू आहे त्यामुळं तुलनेत फरक पडत नाही. फरक पडतो तो वजनानं.

ड्रॅगमध्ये अंतर असतं पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, नाहीतर त्याच्या निम्मं २०१. एवढ्याशा अंतरात गाडीची टॉप कधी येतच नाही, फक्त जागेवरनं किती लवकर सुटते आणि किती लवकर वेग धरते एवढंच मोजलं जातं. म्हणून नुसता हॉर्सपॉवर बघू नका, भागाकार करा. गाडीचं वजन अधिक तुमचं वजन, भागिले हॉर्सपॉवर. एका घोड्याच्या पाठीवर किती किलो पडतात ते कळतं. ड्रॅगवाल्यांचं एक जुनं सूत्र आहे की त्या उत्तराचं घनमूळ काढायचं आणि ७.५८ नं गुणायचं, पाव मैलाचे सेकंद मिळतात. सूत्र मोठ्या गाड्यांवरनं काढलेलं आहे, आपल्या छोट्या गाड्यांना वारा जास्त लागतो म्हणून खरी वेळ थोडी जास्त येते, पण कोण पुढं कोण मागं ते चांगलं कळतं.

आपला पोरगा ६५ किलोचा आहे असं धरतो. आरएक्स १०० चं वजन १०३, म्हणजे एकूण १६८, भागिले ११, एका घोड्याला १५ किलोच्या वर. सूत्रानं १८.८ सेकंद. १३५ चं वजन तेवढंच धरा, १०५ च्या आसपास, घोडे मात्र १४, तर एका घोड्याला १२ किलो आणि १७.४ सेकंद. रोडकिंग १४० च्या आसपास, तिला येतात १७.७. बुलेट १६५ धरली तरी १७.७ च येतात. आरडी दीडशेच्या वर आहे तरी हाय टॉर्कला १४.६ आणि लो टॉर्कला १५.२५. आणि गंमत बघा, १९९९ ची हिरो होंडा सीबीझेड, १५६.८ सीसी, १२.८ हॉर्सपॉवर, वजन १३८, तिला १९.० येतात म्हणजे कागदावर ती ९८ सीसीच्या आरएक्स १०० च्या मागंच राहते. टू-स्ट्रोकला दर फेऱ्याला एक स्फोट, फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांना एक, त्यामुळं एवढ्याशा हलक्या इंजिनातनं तेवढीच ताकद निघते.

ह्याच हिशोबातनं अजून एक गोष्ट कळते. १३५ वर १२ किलो कमी झाले की जवळजवळ एक हॉर्सपॉवर वाढल्यासारखं आहे. ८५ किलोचा माणूस त्याच १३५ वर बसला तर पाऊण सेकंदाच्या जवळपास मागं पडतो, आरडीवर मात्र अर्धा सेकंदसुद्धा नाही. म्हणजे छोट्या गाडीवर माणसाचं वजन जास्त नडतं. ब्लॉकवर दहा हजार घालायच्या आधी हे ध्यानात घ्या.

आता तुम्ही म्हणाल रोडकिंग आणि बुलेट आकड्यात सारख्या तर मग दोन्ही सारख्याच का. अजिबात नाही. बुलेटचा फ्लायव्हील जड आहे, तो आधी फिरवायला ताकद जाते, मग चाकाला मिळते, आणि एकदा फिरला की आरपीएम खाली यायला वेळ घेतो त्यामुळं गिअर भराभर पडत नाहीत. त्यात जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली, ब्रेक डाव्या पायाला, लहानपणापासून त्यावर चालवणारा असेल तर ठीक नाहीतर गडबड होतेच. बुलेट माझी आवडती गाडी आहे, आमच्या वडिलांची अजून दारात उभी आहे, पण ड्रॅगला तिचा विचार करू नका.

रोडकिंग म्हणजे म्हैसूरच्या आयडियल जावाची, १९९६ ला कारखाना बंद पडला. २५० सीसीचं एकच सिलिंडर, त्याला दोन सायलेन्सर, पिस्टन आरएक्सपेक्षा कितीतरी मोठा, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल ७५. स्ट्रोक लांब म्हणून खालनंच ओढते, ट्रिपल सीट घाटात नेली तरी कुरकुरत नाही. पण वर फिरत नाही, रीड व्हॉल्व्ह म्हणजे आत येणाऱ्या मिश्रणाची पट्ट्यांची झडप नाही, पिस्टनच पोर्ट म्हणजे सिलिंडरची तोंडं उघडतो आणि झाकतो, म्हणून वरच्या आरपीएमला श्वास पुरत नाही. सुटताना पहिल्या पन्नास मीटरला ती १३५ ला घाम फोडेल, पुढं १३५ निघून जाते. किकचा दांडाच पुढं वळवून गिअरचा दांडा होतो ही तिची खासियत. ज्याला आवाज आणि लांबचा प्रवास पाहिजे त्यानं जरूर घ्यावी, मी अडवणार नाही.

आरडी. ह्या गाडीबद्दल बोलताना मला आवरतं घ्यावं लागतं. १९८३ ला एस्कॉर्ट्सनं राजदूत ३५० नावानं फरिदाबादला काढली, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, त्या काळात आपल्याकडं लोकांना ४० च्या पुढं जायची सवय नव्हती आणि ही गाडी आली. जपानला हिला ३९ हॉर्सपॉवर होते, इथं मायलेजसाठी कमी केले, पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम लावला. म्हणजे सुटायला एवढी ताकद आणि थांबायला ड्रम, हे पहिल्यांदा डोक्यात ठेवा. सूत्रात ती सगळ्यांच्या दोन-तीन सेकंद पुढं आहे, तिथं वादच नाही. पण दोन सिलिंडर म्हणजे दोन कार्ब्युरेटर, दोन्ही सारखे उघडायला पाहिजेत, ऑइल पंप नीट पाहिजे, कुठं मॅनिफोल्डला बारीक फट पडून हवा ओढली की एक बाजू कोरडी पडते आणि पिस्टन धरतो म्हणजे सिलिंडरात जाम होतो. माझ्याकडं आलेल्या बहुतेक आरड्यांना एका बाजूचा पिस्टन दुसऱ्यापेक्षा एक साईज मोठा घातलेला असतो. आरडीच्या पैशात दोन चांगल्या आरएक्स येतात आणि पार्टसाठी कोल्हापूर-पुणे-मुंबई फिरावं लागतं. कॉलेजच्या पोरानं रोजच्याला ही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिल्या दोन आरएक्स, आणि खरा प्रश्न इथंच आहे.

आरएक्स १०० आली १९८५ च्या शेवटाला, बंद झाली १९९६ ला. ५० बाय ५० चा बोअर-स्ट्रोक, चार गिअर. चार-साडेचार हजारापर्यंत शांत असते आणि मग एकदम उचलते, त्याच उचलीवर अख्खा महाराष्ट्र फिदा आहे आणि मी पण आहे. पण नावाचे पैसे फार झालेत, लाखाच्या वर सांगतात आणि उघडून बघितलं तर आत काहीच राहिलेलं नसतं. मागच्याच महिन्यात एक ब्लॉक आला. मालक म्हणाला इंजिन अजून कंपनीचं आहे, हात लागलेला नाही. बोअर गेज लावला तर ५१.०४. म्हणजे स्टँडर्ड ५०, मग पाव पाव मिलिमीटर वाढवत चौथा ओव्हरसाईज ५१, आणि तो पण झिजलेला. एक्झॉस्ट पोर्टच्या खाली ॲल्युमिनियम घासून चिकटलेलं, नखाला खरखरीत लागत होतं, पिस्टनच्या त्या बाजूला उभे ओरखडे. आता ह्याच्या पुढं बोअर करायला जागा नाही, नवीन स्लीव्ह घाला नाहीतर ब्लॉक बदला. बाहेरनं मात्र टाकी क्रोम सगळं झगमगत होतं.

१३५ फाइव्ह स्पीडला १३२ सीसी आहे, तीन घोडे जास्त, वजन तेवढंच, आणि सगळ्यात महत्त्वाचा तो पाचवा गिअर. टू-स्ट्रोकची ताकद वरच्या बाजूला अडीच-तीन हजार आरपीएम रुंदीच्या पट्ट्यातच असते. चार गिअरमध्ये गिअर बदलला की आरपीएम जास्त खाली पडतात आणि इंजिन त्या पट्ट्यातनं बाहेर येतं, परत वर यायला वेळ जातो. पाच असले की दोन गिअरमधलं अंतर कमी, गिअर टाकला की इंजिन परत ताकदीतच. हे पळवताना लगेच कळतं. फक्त घेताना गिअर मोजून घ्या, चार गिअरची १३५ पण आहे आणि तिला १२ च हॉर्सपॉवर आहेत, विकणारा दोन्हीला १३५ च म्हणतो.

सुझुकी शोगनचा विचार कोणी करत असेल तर ती पण भारी, १०८ सीसीत १४ घोडे, पण पार्टचा वांदा आहे.

घेतल्यावर पोरं पहिलं काम करतात ते सायलेन्सरची जाळी काढायचं. करू नका. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे आवाज कमी करायचा डबा नाही, एक्झॉस्टची लाट त्याच्या मागच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि पोर्टमधनं बाहेर निघालेला कच्चा चार्ज म्हणजे न जळलेलं पेट्रोल-हवा परत सिलिंडरमध्ये ढकलते. त्याचं माप बिघडलं की आवाज फाटतो आणि पिकअप जातो. त्यापेक्षा जाळीवरचा कार्बन साफ करा, रीडच्या पट्ट्या प्रकाशात धरून फट आहे का बघा, मागचा चेनचा चक्का दोन-तीन दातांनी मोठा लावा. टॉप कमी होईल पण दोनशे मीटरला टॉप कुणाला पाहिजे.

घेताना काय बघायचं ते सांगतो. इंजिन थंड असताना जा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत या, दुसऱ्या दिवशी जा. किकवर सगळं वजन टाकून उभं राहा, बरा कॉम्प्रेशन असेल तर किक लगेच खाली जात नाही. चालू झाल्यावर खालनं घरघर येत असेल तर क्रँकचं बेअरिंग गेलंय. आणि आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं, गाडी पुरात होती का. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अर्धी सांगली पाण्यात होती, त्यानंतर कितीतरी गाड्या धुऊन पुसून रंग मारून विकल्या गेल्या. मी स्वतः एका एजंटाकडनं अशी आरएक्स घेतली होती, दोन महिन्यांत क्रँक बसला, केसिंग उघडलं तर बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे आणि कोपऱ्यात कृष्णेचा गाळ वाळून बसलेला. हे मला कळायला पाहिजे होतं, माझा तर धंदाच हा आहे, पण गाडी बघून मन गेलं. तेव्हापासून हेडलाईटचा डोम उघडून वायरिंगच्या जोडांत माती आहे का ते बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही.

कागदांचं पण बघा. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा, कारण १०० च्या चेसिसवर १३५ चं इंजिन बसवलेल्या गाड्या भरपूर आहेत आणि आरटीओत नोंद नसेल तर पुढं त्रास होतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, पर्यावरण कर, एचएसआरपी नंबर प्लेट, हे सगळं झालंय का विचारा.

आणि पळवायची ती बंद धावपट्टीवर, हेल्मेट घालून. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग झालेत, तसं कुठं असेल तिथं नाव द्या. सांगली-मिरज रोडला रात्री बारानंतर जे चालतं त्यात मला ओळखीची दोन पोरं गमवावी लागलीत, त्यामुळं ह्यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

तर भाच्या, तुझ्यासाठी विट्याची १३५, ब्लॉक पन्नास पैशाच्या म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या ओव्हरसाईजच्या आत असेल तरच. मिरजेची १०० तू आवडीनं घेणार असशील तर माझी ना नाही, पण किंमत उतरल्याशिवाय हात लावू नको. रविवारी सकाळी सातला एसटी स्टँडवर ये, मी बोअर गेज आणि प्लगचा पाना घेऊन येतो, मालकाला आज रात्रीच फोन करून सांग की गाडी चालू करून ठेवू नका.