मेलेलं गहाण की जिवंत गहाण?

मॉर्गेज शब्द फोडला की जुन्या फ्रेंचमधला 'मॉर' म्हणजे मेलेलं आणि 'गाज' म्हणजे तारण. 1066 ला नॉर्मन इंग्लंडात आले नि त्यांची फ्रेंच हळूहळू कोर्टातही शिरली, तिथलाच हा शब्द. पण त्याचा भाऊ 'व्हिफ गाज', जिवंत तारण, फार कुणाला माहीतच नाही!

समजा 100 पौंडांचं कर्ज, शेत सावकाराच्या ताब्यात आणि वर्षाचं उत्पन्न 10 पौंड. जिवंत गहाणात ते कर्जातून वळतं व्हायचं म्हणजे 10 वर्षांत कर्ज फिटलं, शेत परत. मेलेल्यात मात्र उत्पन्न सगळं सावकाराच्या घशात आणि 10 वर्षांनीही 100 च्या 100 उभेच, म्हणून तर 12व्या शतकातही याला व्याजखोरीच मानायचे. नंतर 15व्या शतकात न्यायाधीश लिटलटन यांनी वेगळा अर्थ लावला, पैसे नाही भरले तर जमीन ऋणकोला मेली म्हणून, पण मला पहिलाच जास्त पटतो.

आपल्याकडच्या ताबेगहाणात तर दोन्ही बसतं, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार उत्पन्न व्याजापोटी लावा नाहीतर मुद्दलात. त्यामुळे दस्तात ही एक ओळ नीट वाचाच, सही त्यानंतर.